नकळत घेतलेले ऋण

गेल्या चातुर्मासात आमच्या देवस्थानच्या सभामंडपात अणीमांडव्य ऋषींचे आख्यान झाले. कथा वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. मौन धरून आश्रमाच्या दाराशी तप करीत बसलेल्या मांडव्यांच्या आश्रमात चोर येऊन लपतात, राजाचे शिपाई चोरांबरोबर ऋषींनाही धरून नेतात आणि राजा त्यांना सुळावर चढवितो. पुढे मांडव्य प्रत्यक्ष यमधर्मालाच जाब विचारतात, की असे कोणते पाप माझ्या हातून घडले होते? धर्म सांगतो, लहानपणी तुम्ही पतंगांच्या शेपटांत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या, त्याचे हे फळ. अजाण वयातील कृत्याला एवढा दंड देणारा तो धर्म कसला, असे म्हणून ऋषी संतापतात. चौदा वर्षांच्या आत घडलेले कृत्य यापुढे पातक गणले जाणार नाही, अशी मर्यादा ते घालून देतात आणि धर्मालाच मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप देतात. तोच पुढे विदुर झाला.

आख्यान संपल्यावर पुढच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी बुवांस विचारले, "लहान मुलाचे ठीक आहे, बुवा. पण जाणत्या माणसाच्या हातून, मनात काही वाईट नसताना, रोजच्या संसारातून जे नुकसान होते आणि त्याच्या हयातीत त्याला दिसतसुद्धा नाही, त्याचे काय? ते पाप म्हणायचे की नाही?" बुवांनी यथामती उत्तर दिले. रात्र फार झाली होती, आरती झाली, प्रसाद वाटला गेला आणि मंडळी घरोघर गेली. प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. त्यातच यंदा मंडळाचा यात्रासंघ गंगोत्रीस नेण्याचे ठरले आहे आणि तेथून पुढे गोमुखापर्यंत जावे की जाऊ नये, यावर कार्यकारी मंडळात दोन पक्ष पडले आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे आरंभी आम्हांसही वाटले नव्हते.

असे प्रश्न नुसत्या तर्काने सोडवू गेल्यास शब्दांचा खेळ होतो. एखादे खरे, घडलेले उदाहरण समोर असले म्हणजे विचाराला जमीन मिळते. असे एक उदाहरण आम्हांस फार दूर, उत्तर ध्रुववृत्ताच्या कडेला असलेल्या आइसलंड या बेटावर सापडले. ठिकाण परके असले तरी त्यातील नायक आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे भूर्जवृक्ष.

भूर्ज म्हटले की आपणांस भूर्जपत्र आठवते, पोथी आठवते, ताईतात घालावयाचे यंत्र आठवते. पत्र म्हणत असलो तरी ते पान नव्हे, त्या झाडाची साल. कागदासारखे पातळ पापुद्रे एकावर एक रचल्याप्रमाणे ती खोडावरून सुटत जाते. आपला भूर्ज हिमालयात, जेथे वृक्षांची हद्द संपते तेथे वाढतो. त्याच कुळातील दुसरी एक जात युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या देशांचा माथा व्यापणाऱ्या लॅपलंडात आणि आइसलंडात वाढते. एकाला उंचीमुळे थंडी, दुसऱ्याला ध्रुवाच्या सान्निध्यामुळे थंडी, एवढाच भेद. जेथे इतर झाडे हात टेकतात तेथे उभे राहावयाचे, हा या कुळाचा धर्मच दिसतो.

हे उभे राहणे किती कष्टाचे आहे ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे. स्वीडनच्या उत्तरेस, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे सुमारे दोनशे किलोमीटरवर अबिस्को नावाचे ठिकाण आहे. शंभराहून अधिक वर्षांपासून तेथे एक संशोधन केंद्र चालत आले असून भूर्जाच्या वाढीचा अभ्यास तेथे पिढ्यान् पिढ्या झाला आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य मावळत नाही. एवढा प्रकाश असताना झाडाला उणे ते काय, असे वाटेल. उणी असते ती ऊब. पालवी फुटते जूनमध्ये आणि सप्टेंबर उजाडता उजाडता पाने पिवळी पडतात. वर्षाचा सगळा संसार या तीन महिन्यांत उरकावयाचा असतो. त्यातही जमीन इतकी गार, की गळलेली पाने कुजावयास वर्षे लागतात आणि त्यांतील नत्र तेथेच अडकून पडते. जमिनीत माल आहे, परंतु कोठाराला थंडीचे कुलूप आहे, अशी त्या झाडाची अवस्था असते.

यावर भूर्जाने काढलेली तोड पाहिली म्हणजे एखाद्या काटकसरी गृहिणीची आठवण होते. पान गळू देण्यापूर्वी त्यातील निम्म्याहून अधिक नत्र हे झाड परत आत ओढून घेते व पुढच्या वर्षासाठी फांद्यांत आणि खोडात साठवून ठेवते. याहून नवल असे, की यंदा उन्हाळ्यात जी पाने आपण पाहतो त्यांतील बहुतेक गेल्याच उन्हाळ्यात कळीच्या आत तयार होऊन बसलेली असतात. गेले वर्ष थंड गेले असेल तर यंदा कितीही ऊन पडो, कळीतील पाने वाढत नाहीत. यंदाच्या उन्हाचा पुरता लाभ पुढच्या वर्षी दिसावयाचा. खोडाची जाडी मात्र बव्हंशी त्याच वर्षीच्या जुलै महिन्याच्या उबेवर अवलंबून असते, आणि ती इतकी सावकाश वाढते की मनगटाएवढ्या खोडात पन्नास-साठ वर्षांची वलये मोजता यावीत. आपल्याकडे शेवगा लावला तर वर्षा-दोन वर्षांत शेंगा हाती येतात. त्या मापाने हे झाड मोजू गेल्यास ते आळशी ठरेल. वस्तुतः ते आळशी नाही. जे मिळते त्यातील काहीही ते वाया जाऊ देत नाही. परंतु मिळतेच थोडे, म्हणून त्याच्याजवळ दुसऱ्याला देण्यासारखे शिल्लक फार थोडे उरते.

आता आइसलंडकडे वळू. या बेटावर माणसाची कायमची वस्ती इ. स. ८७४ च्या सुमारास सुरू झाली, असे परंपरा सांगते. नॉर्वेकडून नावांतून माणसे आली, त्यांनी मेंढ्या, गाई व घोडे आणले. बाराव्या शतकातील इतिहासकार आरी थोर्गिल्सन याने लिहून ठेवले आहे, की वसाहतीच्या वेळी डोंगर आणि समुद्र यांच्या मधली भूमी रानाने भरलेली होती. ही अतिशयोक्ती असावी असे पूर्वी काहींना वाटे. आज अभ्यासक मानतात की त्या वेळी बेटाचा २५ ते ४० टक्के भाग भूर्जवनाखाली असावा. आणि विसाव्या शतकाच्या मध्यास काय उरले होते? जेमतेम एक टक्का. हजार वर्षांत जवळजवळ सर्व रान नाहीसे झाले. उरलेलेही इतके खुजे की तेथील लोकच विनोदाने सांगतात, आमच्या रानात वाट चुकलात तर नुसते उभे राहा.

हे कोणी केले? येथे आमची पहिली अडचण सुरू होते. एखादा लोभी राजा, एखादी कंपनी, एखादा लाकडाचा ठेकेदार बोट दाखवावयास मिळाला असता तर बरे झाले असते. तसा कोणी नाही. उन्हाळ्यात गवत कापून साठविले नाही तर हिवाळ्यात मेंढ्या मरत, आणि मेंढ्या मेल्या की माणसे मरत. गवत कापावयाचे ते लांब दांड्याच्या विळ्याने. विळ्याचे लोखंड मऊ असे, त्यामुळे धार लवकर जाई आणि पाते पुन्हापुन्हा निखाऱ्यात तापवून ठोकावे लागे. त्यासाठी लोणारी कोळसा हवा आणि कोळशासाठी भूर्ज हवा, कारण बेटावर ज्याचे रान होते असे स्वतःचे झाड ते एकच. म्हणजे लेकरांच्या तोंडच्या घासापासून निघालेली साखळी थेट झाडाच्या बुंध्यापाशी जाऊन पोहोचत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरून चांगल्या पोलादाचे विळे आले तेव्हा ही साखळी तुटली. तोवर हजार वर्षे होत आली होती.

तरीही, नुसत्या तोडीने रान इतके गेले नसते. भूर्ज तोडला तरी बुंध्याशी पुन्हा फुटतो, हा त्याचा गुण आहे. खरे काम केले मेंढ्यांनी, आणि तेही अगदी शांतपणे. मेंढी मोठे झाड खात नाही, ती रोपे खाते आणि बुंध्याचे कोवळे फुटवे खाते. आइसलंडातील भूर्जाचे एकेक खोड साधारण शंभर वर्षांच्या आत संपते. म्हणजे असे होते, की आजोबांनी पाहिलेले रान नातवालाही जवळजवळ तसेच दिसते, तीच झाडे, तीच सावली. त्यात फक्त लहान झाड एकही नसते. ज्या गावात घरे शाबूत आहेत, अंगण झाडलेले आहे, देवळात दिवा लागतो, पण पोर रडल्याचा आवाज वीस वर्षांत कोणी ऐकला नाही, त्या गावासारखे ते रान असते. मग कधी तरी एका पिढीत म्हातारी झाडे एकामागून एक पडतात आणि लोक म्हणतात, हिवाळा कडक होता.

रान गेल्यावर खालची मातीही राहत नाही. ती ज्वालामुखीच्या राखेची, हलकी, भुसभुशीत. झाडे होती तोवर उद्रेकातून पडलेली राख त्यांच्या पायाशी स्थिरावत असे. झाडे गेल्यावर तीच राख वाऱ्याबरोबर उडून उरलेल्या गवताला खरवडू लागली. थंडीची शतके आली, उद्रेक झाले, त्यांचाही यात वाटा आहे. सारे खापर मेंढपाळाच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. परंतु निसर्गाचे हे तडाखे त्यापूर्वीही हजारो वर्षे बसत होते आणि रान त्यांतून उठून उभे राहत होते. उठण्याची ताकद कोणी काढून घेतली, एवढाच प्रश्न आहे.

आजींचा प्रश्न आता पुन्हा समोर ठेवू. दहाव्या शतकातील तो शेतकरी, ज्याने आपल्या दहा-वीस मेंढ्या रानात सोडल्या आणि सायंकाळी मोजून परत आणल्या, तो पापी होता काय? आमचे स्पष्ट मत आहे, की नव्हता. त्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक होण्याचा मार्गही नव्हता. ज्या देशातून तो आला तेथे रान तोडले तर पुन्हा येत असे. झाड वाढते किती आणि आपण घेतो किती, यांतील अंतर एका माणसाच्या आयुष्यात दिसण्याइतके मोठे नव्हते. बौद्धांनी तर चेतना हेच कर्म मानले, म्हणजे हेतूवाचून कर्मच नाही. आणि मांडव्यांनी धर्मालाही जो न्याय शिकविला तो हाच, की अजाणतेपणाला सूळ नाही.

पण एवढ्यावर थांबले तर मनाचे समाधान होत नाही. कोणी दोषी नाही म्हणून काही घडलेच नाही, असे थोडेच आहे? रान तर गेले. येथे आम्हांस आपल्या परंपरेतील एक जुनी व्यवस्था आठवते. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत : चूल, पाटा-जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. (या ग्रंथातील इतर पुष्कळ गोष्टी आज आम्ही मानीत नाही आणि कोणी मानूही नयेत, पण हा विचार मोठा सूक्ष्म आहे.) चुलीत किडे जळतात, केरसुणीखाली मुंगी मरते. हा दोष घरातील माउलीच्या मनात नसतो, तरी तो लागतो. आणि लक्षात घ्या, चूल पेटवू नका असे कोणी सांगितलेले नाही. सांगितले आहे ते असे, की रोज पंचमहायज्ञ करा. देवांना, पितरांना, ऋषींना, अतिथीला आणि मुक्या प्राण्यांना त्यांचा वाटा द्या. जगणे थांबवावयाचे नाही, पण जगण्यासाठी जे घेतले त्याची नोंद ठेवावयाची आणि फेड चालू ठेवावयाची.

यावरून आम्हांस असे वाटते, की पाप आणि ऋण या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पापाला हेतू असलेला कर्ता लागतो. ऋणाला घेणारा असला की पुरे, त्याने जाणून घेतले की नकळत, याने ऋणाचा आकडा बदलत नाही. पाप दुसऱ्याच्या माथी जात नाही, बापाच्या चोरीसाठी मुलाला तुरुंगात घालीत नाहीत. ऋण मात्र वारसाहक्काने येते, आणि ते तसे यावे यात अन्याय नाही, कारण त्याबरोबर इस्टेटही आलेली असते. आज आइसलंडात जी माणसे आहेत ती त्याच शेतकऱ्यांची वंशज आहेत. त्या कोळशावर, त्या विळ्यावर, त्या गवतावर त्यांचे पूर्वज हिवाळे काढू शकले, म्हणून ती आज आहेत. रान संपले, पण ते कोठे तरी जमा झाले आहे. ते त्यांच्या असण्यातच जमा आहे.

कोणी म्हणेल, अशाने सगळे जगणेच ऋण ठरेल. होय, ठरेल. तीन ऋणे घेऊनच माणूस जन्माला येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. त्यात नवे काही नाही. नवे असेल तर एवढेच, की जो सावकाश वाढतो त्याचे ऋण लवकर चढते आणि उशिरा दिसते. धनको उदार असला, त्याचे उत्पन्न मोठे असले, तर चार दाणे जास्त घेतले तरी पचून जाते. ज्याला मनगटाएवढे व्हावयास पन्नास वर्षे लागतात, त्याच्याकडून पसाभर अधिक घेतले तरी मुद्दलच खाल्ले जाते. हे झाडांपुरतेच खरे आहे असे आम्हांस वाटत नाही. घरातील अबोल माणसाविषयी, कधीही नाही न म्हणणाऱ्या सुनेविषयी वाचकांनी आपापल्या ठिकाणी विचार करून पाहावा.

अजाणतेपणाची सवलत केव्हा तरी संपते, हाही भाग आहे. मांडव्यांनी तिला चौदा वर्षांची मुदत घातली. आइसलंडाच्या बाबतीत मुदत संपल्याचा एक दिवस आपण जवळजवळ नेमका सांगू शकतो. १९०७ साली तेथील विधिमंडळाने वनसंवर्धन आणि जमिनीची धूप थांबविणे यासाठी कायदा केला आणि पुढच्याच वर्षी वनखाते सुरू झाले. म्हणजे राष्ट्राने लेखी मान्य केले, की काय झाले आहे हे आम्हांस कळले. यानंतर काय झाले? १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या बेटावर मेंढ्या होत्या सुमारे नऊ लाख आणि माणसे सव्वादोन लाखांच्या आसपास. जे पूर्वजांनी पोटासाठी नकळत केले ते वंशजांनी जाणून आणि अधिक प्रमाणावर केले. येथे आमची लेखणी शेतकऱ्याची वकिली करण्यास धजत नाही. पूर्वजांचे ऋण होते. हे दुसरे काय आहे त्याला नाव वाचकांनीच द्यावे. आता मेंढ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली आहे, हे सांगितले पाहिजे.

पण त्याच काळातील दुसरी एक हकीकत मनाला फार गोड वाटते. दक्षिण आइसलंडात हिमनद्यांच्या कुशीत थोर्समोर्क नावाची खोरी आहेत. थोर हा त्या लोकांचा जुना, मेघगर्जनेचा देव, आणि थोर्समोर्क म्हणजे थोराचे रान. पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी एकाने ही भूमी त्या देवाला वाहिली, असे जुने लेख सांगतात. नाव कानाला आपल्यासारखे आणि कल्पनाही आपल्या देवराईसारखी. तरी देवाचे नाव असून मेंढ्या आत जातच होत्या. १९१८ साली शेजारच्या कात्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्यापूर्वीच रान खंगलेले होते. १९२० च्या सुमारास आसपासच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन आपला चराईचा हक्क सोडला आणि रान वनखात्याच्या हवाली केले. कुंपण घातले गेले. जमीन त्यांची, हक्क पिढीजात, वर्षे गरिबीची. आणि सोडून दिलेल्या वस्तूचे फळ आपल्याला दिसणार नाही हे त्यांना माहीत असलेच पाहिजे, कारण आपल्या रानातील भूर्ज किती हळू वाढतो हे त्यांच्याहून अधिक कोणाला कळणार? आज त्या खोऱ्यांच्या उतारांवर दाट भूर्जवन आहे. कोकणात आणि गोव्यात देवराईतील काटकीही उचलू नये असा दंडक आहे, तो आम्हांस या निमित्ताने निराळ्या अर्थाने समजला. देवाला वाहणे म्हणजे नाव देणे नव्हे, हात आखडणे होय.

साऱ्या बेटाचा हिशेब पाहिला तर २०१५ पर्यंतच्या पाहणीत भूर्जवन सुमारे १५०० चौरस किलोमीटर, म्हणजे बेटाच्या दीड टक्का भरले. त्यापूर्वीच्या पाव शतकात त्यात सुमारे १३० चौरस किलोमीटरची भर पडली होती. वस्ती झाल्यापासून रान आपण होऊन वाढल्याची ही पहिलीच नोंद म्हणतात. भर पडण्याचे एक कारण मेंढ्या कमी झाल्या हे, आणि दुसरे, हवा थोडी उबदार झाली हे.

या दुसऱ्या कारणापाशी आमचा सरळ चाललेला विचार अडखळतो, आणि तो अडखळला हे वाचकांपासून लपविणे बरे नव्हे. ऊब वाढली की भूर्ज वाढतो, तर मग पृथ्वी तापविणारा आपला धूर भूर्जाचा उपकारकर्ता ठरला की काय? लॅपलंडाकडे पाहावे. तेथे शरद ऋतूत उडणारा एक करडा पतंग आहे, त्याच्या अळ्या भूर्जाची पाने खातात. साधारण नऊ-दहा वर्षांनी त्यांचा पूर येतो. १९५५ च्या सुमारास अबिस्कोच्या परिसरातील आणि १९६५-६६ मध्ये फिनलंडच्या उत्तर टोकाकडील भूर्जवने त्यांनी अशी ओरबाडली, की भर उन्हाळ्यात डोंगर तपकिरी दिसत. मांडव्यांच्या काडीने जे पतंग दुखावले त्यांनी जणू येथे सूड घेतला! तरी ही लूट जुनी आहे आणि झाडाला तिची सवय आहे. खोड मेले तरी बुंध्यातून नवे फुटवे येतात. फिनलंडच्या त्या भागात जेथे ते आले नाहीत, तेथे पुष्कळ ठिकाणी उन्हाळ्यात चरणाऱ्या रेनडियरांनी कोवळे फुटवे खाल्ले होते. म्हणजे पुन्हा मेंढीचीच कथा.

या पतंगाची अंडी हिवाळाभर फांद्यांवर उघडी राहतात, आणि उणे ३५-३६ अंशांखाली पारा गेला की ती मरतात. म्हणून अशा वर्षी उतारावरची झाडे बोडकी आणि दरीच्या तळाशी, जेथे गार हवा साचते तेथे, रान हिरवेगार, असा चमत्कार दिसे. ज्या थंडीने झाडाची वाढ रोखली तीच थंडी त्याचे रक्षण करीत होती. आता हिवाळे सौम्य होत चालले आहेत, आणि पूर्वी जे पतंग इतक्या उत्तरेस टिकत नसत तेही तेथे पोहोचले आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकात अशा पतंगांच्या अळ्यांनी त्या उत्तर भागातील सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर भूर्जवन निष्पर्ण केले. एकच ऊब, एका बेटावर रान वाढविते, दुसऱ्या देशात उजाड करते. आपल्या गावात मोटार चालविणाऱ्याने या दोहोंपैकी काहीही योजलेले नाही. तेव्हा जे भले झाले त्याचे पुण्य आपल्या खाती मांडावयाचे आणि जे वाईट झाले ते अजाणतेपणाच्या खात्यात टाकावयाचे, हा हिशेब खोटा आहे. हेतू नाही म्हणून पाप नको असेल, तर हेतू नाही म्हणून पुण्यही सोडले पाहिजे. ऋण तेवढे राहते.

आता गंगोत्री. आपण या झाडाचे किती देणे लागतो, याचा एक पुरावा पुण्यात आहे. १८७५ साली बुह्लर या पंडिताने काश्मिरात फिरून सरकारसाठी संस्कृत पोथ्या मिळविल्या. त्या आज भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहेत आणि त्यांत शारदा लिपीतील भूर्जपत्रावरच्या पोथ्या आहेत. डॉ. वि. स. सुखटणकरांनी आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती १९३३ साली पूर्ण झाली. तिच्यासाठी अशी एक भूर्जपत्राची पोथी फार मोलाची ठरली. मांडव्यांची कथा याच आदिपर्वात येते. ऋषिऋण म्हणतात ते या ठिकाणी अगदी शब्दशः एका झाडाच्या पाठीवरून आपल्यापर्यंत आले आहे.

आणि आपण त्याला काय दिले? गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना चौदा किलोमीटरवर, सुमारे ३८०० मीटर उंचीवर भोजबासा लागते. नावच सांगते की येथे भोजवृक्षांचे, म्हणजे भूर्जांचे, रान होते. ते आता नावापुरते उरले आहे. ते गेले ते यात्रेकरूंच्या, साधूंच्या व गिर्यारोहकांच्या शेकोट्यांत, चहाच्या दुकानांच्या चुलींत, आणि खेचरांच्या तोंडी. थंडीने काकडणाऱ्या कोणा वृद्ध यात्रेकरूसाठी कोणी चार काटक्या मोडल्या असतील, त्याला पापी म्हणावयास आमची जीभ रेटणार नाही. तो आइसलंडाच्या पहिल्या शेतकऱ्याचाच भाऊ. पण तो आमचा आजोबाही आहे. त्याने आणलेल्या गंगेचा गडू अनेकांच्या देवघरात अजून असेल.

डॉ. हर्षवंती बिष्ट या नंदादेवीवर चढाई केलेल्या गिर्यारोहक. त्यांनी १९८९ साली गंगोत्रीचा परिसर वाचविण्याचे काम हाती घेतले, पुढे चिरबासा येथे रोपवाटिका केली आणि भोजबासा येथे कुंपण घालून भूर्जाची रोपे लावली. २००८ पासून गोमुखाकडे दिवसाला १५० माणसांनाच परवानगी मिळते. कार्यकारी मंडळातील एका पक्षाचे म्हणणे असे, की परवाना मिळतो, लाकूड तर आपण जाळणार नाही, मग न जाण्याचे कारण काय? म्हणणे खोटे नाही, आणि ज्यांची आयुष्यभराची इच्छा आहे अशा वृद्धांना अडविण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि आमचे मत विचारतात म्हणून सांगतो. गंगास्नान गंगोत्रीस यथासांग होते, देऊळ तेथे आहे, संकल्प तेथे सोडता येतो. चाळीस माणसे, त्यांची खेचरे, त्यांचे सामान पुढे नेण्याची कायद्याने मुभा आहे. थोर्समोर्कच्या शेतकऱ्यांनाही चराईची मुभा होती. आम्ही गंगोत्रीहून परतण्याच्या बाजूने मत दिले आहे, आणि पुढच्या प्रवासाचा जो खर्च वाचेल तो भोजबासाच्या रोपांसाठी पाठवावा अशी सूचना मांडली आहे.

सूचना ऐकून एका सभासदांनी विचारले, ती झाडे मोठी केव्हा होणार? आम्ही अबिस्कोचे मनगटाएवढे खोड सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे आपल्यापैकी कोणी पाहणार नाही." आजी त्या सभेस हजर होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडून एकावन्न रुपये कोषाध्यक्षांपुढे ठेवले आणि पावती मागितली. ठरावावर मतदान पुढील एकादशीच्या सभेत आहे.